मुठीची दुसरी बाजू

नवऱ्याने बाल्कनीत लाकूड कोरायचं मशीन बसवलं आणि चहाच्या कपापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत घरभर भुसा झाला. पेशाने विमा एजंट, पण कॉम्प्युटरवर चित्र काढलं की मशीन आपोआप कोरतं हे पाहिल्यापासून त्याच्या अंगात सुतार संचारला होता.

निमित्त मात्र खरं होतं. सासरे पडल्यापासून घराबाहेर गेले नव्हते. काठीची गुळगुळीत मूठ त्यांच्या वाकड्या बोटांत टिकत नसे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याशी तासभर वाद घालणं हा त्यांचा जीव की प्राण. ते बंद झालं, तेव्हापासून ते माझ्याशी वाद घालत.

त्यांच्या बोटांत बसेल अशी नवी मूठ कोरायची ठरली, म्हणून त्यांनी मातीचा गोळा मुठीत दाबून ठसा दिला. पण मशीनचं पातं फक्त वरून चालतं. म्हणजे आधी तळव्याची बाजू कोरायची, मग ठोकळा पालथा घालून बोटांची. पहिला ठोकळा याने भलतीकडून उलटवला आणि बोटांच्या खाचा दुसऱ्याच टोकाला गेल्या. दुसऱ्याला जागच्या जागी बसवायला दोन खुंट्या लावल्या, तर भोकं सैल. दोन बाजूंच्या मध्ये चक्क पायरी पडली.

"केसभर सरकलंय," तो म्हणाला.

केस कुणाचा, घोड्याचा?

"पुस्तकाचं पान उलटतात तसं उलटव, आणि खुंट्या घट्ट बसव," मी म्हणाले.

"तुला त्यातलं काय कळतं?"

तिसरा ठोकळा त्याने मी म्हटलं तसाच उलटवला, मला न सांगता. मूठ सुरेख झाली. सासऱ्यांनी ती डाव्या हातात धरली, फिरवली, पुन्हा धरली.

"ही उजव्या हाताची आहे," ते म्हणाले.

"तुम्ही उजवेच ना, बाबा? ठसा चुकून डाव्याचा दिलात. मी कॉम्प्युटरवर आरशासारखा फिरवून घेतला."

"गुडघा उजवा दुखतो. काठी डाव्या हातात धरा, असं डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं."

मला रडूच आलं. एवढा भुसा केला, पण बापाला एक प्रश्न विचारायला याचं तोंड उघडलं नाही.

"उद्या नवी करतो," तो पुटपुटला.

"उद्या न्हाव्याची सुट्टी असते," म्हणत सासऱ्यांनी चपला सरकवल्या आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

जिना आम्ही झकास उतरत होतो. मध्येच ते थांबले.

"जरा कण्हतो," ते हळूच म्हणाले. "मशीनशिवाय भागतंय असं त्याला वाटायला नको."

आणि त्यांनी मोठ्याने "आई गं" केलं. वर लगेच मशीन सुरू झालं.