भट्टीवरचे फोटो

पालघरहून मनोरकडे जाताना वीटभट्टीचा धूर नाकात शिरला की मला ती अंगणवाडीताई आठवते. मोबाईलवर काढलेले बारा फोटो छापून घ्यायला ती माझ्या बोईसरच्या स्टुडिओत आली होती. तिचं लहानपण आईबापाबरोबर भट्ट्यांवर गेलेलं, आणि तेच तिला पालघरच्या फोटोस्पर्धेच्या प्रदर्शनात मांडायचं होतं. विटांच्या रांगा, खोपट्या, तुसाचे ढीग असं सगळं फोटोत होतं, माणसं मात्र मुंगीएवढी. "खरं सांगा सर, पाठवू का नको?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "उजेड छान पकडलाय. पण तुम्ही फार लांब उभ्या आहात. जवळ का नाही गेलात?" ती फोटोंकडेच बघत म्हणाली, "जवळ गेलं का पोरं खेळ टाकून उभी राहतात, म्याडम म्हणतात. मी त्यांच्यातलीच हाय, ते त्यांना कुठं ठाऊक?" मी म्हणालो, "मोबाईल पिशवीत ठेवा आणि आधी त्यांच्यात जाऊन बसा." आठ दिवसांनी ती एकच फोटो घेऊन आली. तो कललेला होता, थोडा हललेलाही. चिखलानं भरलेला एक इवला हात थेट कॅमेऱ्यावर आलेला आणि मागे कुणाचे तरी हसरे दात. "बिघडला ना?" "हाच पाठवा," मी म्हणालो. त्याला बक्षीस मिळालं नाही. पण प्रदर्शनात तिनं आणलेली भट्टीवरची पोरं तो हात कुणाचा यावरून भांडत होती, आणि ती त्यांच्या मधोमध फरशीवर बसून हसत होती. हल्ली कुणी फोटो दाखवला की चुका सांगण्याआधी मी विचारतो, काढताना तुम्ही कुठे होतात?