ऑड्रींची दोन मुलं

घंटा वाजवली की आतून आवाज यायचा, "थांब, तयार होते!" पाच मिनिटांनी ऑड्री दार उघडायच्या. ओठांना लिपस्टिक, केस नीट विंचरलेले, पायांत मात्र फाटक्या सपाता. आम्ही पुण्याहून आयर्लंडमध्ये क्लोनडॉकिनला आलो तेव्हा शेजारच्या घरात त्या एकट्याच राहत होत्या. वय सत्तरीच्या पुढे. कशा आहात विचारलं की ठरलेलं उत्तर, "ग्रँड!" तब्येत कशीही असो.

मूळच्या त्या इंग्लंडच्या. तिथल्या टीव्हीवर त्यांनी सतरा वर्षं एकाच मालिकेत आईचं काम केलं होतं. खाणकामगाराची बायको, तोंडाने फटकळ, पण पोरावर जीव टाकणारी. त्या पोराचं नाव टॉमी. अजूनही सुपरमार्केटात एखादी बाई त्यांना अडवून विचारायची, "टॉमी कसा आहे?"

"मजेत आहे. फोन तेवढा करत नाही मेला," ऑड्री हसून सांगायच्या.

काम कसं गेलं तेही त्यांनीच सांगितलं. एका सकाळी नवी संहिता हातात पडली, आणि आठव्या पानावर त्या बसखाली मेलेल्या होत्या. आधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मग काय केलंत?"

"काय करणार? चांगली मेले. एका टेकमध्ये."

त्यानंतर कुणी काम दिलं नाही. त्या आयरिश नवऱ्याबरोबर इकडे आल्या. काही वर्षांनी तोही गेला.

खऱ्या मुलाबद्दल त्या एकदाच बोलल्या, आमच्याकडे थालीपीठ खाताना. "पीटर सात वर्षांचा होता, तेव्हा त्याला बोर्डिंगमध्ये ठेवला. टॉमीच्या प्रत्येक वाढदिवसाला मी हजर. पीटरच्या एकाही नाही." मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले तर त्यांनी हात वर केला. "राहू दे. ते मीच केलंय."

गेल्या हिवाळ्यात त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. आता फार दिवस नाहीत, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्यांच्या जुन्या डायरीत नंबर शोधून मी पीटरला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिने बोलावलंय मला?"

खोटं बोलवेना. "नाही. त्या शुद्धीवर नाहीत. मी बोलावतेय."

तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्ये आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला. अंगातला कोटही न काढता खाटेपाशी उभा राहिला. दुपारी ऑड्रींनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा अर्धा लुळा पडलेला चेहरा उजळला.

"टॉमी! आलास?"

मला वर बघवेना. पीटरचे पाय एक पाऊल मागे सरले. हा आता निघून जाणार, असं मला वाटलं. पण त्याने खुर्ची ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि खाणवस्तीच्या जाड्या हेलात म्हणाला, "हो, आई. आलोय."

त्या पुन्हा बोलल्या नाहीत. संध्याकाळी गेल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्याला कॉफी आणून दिली. मग विचारलं, "तो हेल तुम्हाला कसा येतो?"

"बोर्डिंगच्या हॉलमध्ये टीव्ही होता," तो म्हणाला. "दर मंगळवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसायचो. आठवड्यातून तेवढीच दिसायची ती मला."