शिपायासाठी इंग्रजी शब्द

मुकुटबनच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. आमचा शिपाई निवृत्त होणार होता, तर त्याच्या स्मृतिचिन्हावर इंग्रजीच शब्द हवा, असा हट्ट मुख्याध्यापकांनी धरला. ‘खंबीर’, ‘एकनिष्ठ’ या शब्दांना म्हणे वजन नाही. ज्याला ते द्यायचं त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ते कुणाच्या गावीच नव्हतं.

दोन मधल्या सुट्ट्या आम्ही स्टाफरूममध्ये यावर घालवल्या. ‘फेथफुल’ कुत्र्याला शोभतो म्हणून बाद झाला. ‘लॉयल’ पुढाऱ्यांच्या चमच्यांनी बाटवलेला, ‘स्ट्राँग’ सिमेंटच्या जाहिरातीतला. मग मी शब्दकोश उघडून ‘स्टाँच’ आणि ‘स्टेडफास्ट’मधला फरक असा काही समजावला, जणू त्या माणसाची सगळी नोकरी त्यावरच अडली होती. आमचा चहा तोच आणून देत होता. शेवटी ‘स्टेडफास्ट’ ठरला. मी चिठ्ठीवर शाळेचं नाव आणि खाली तो शब्द लिहून दिला आणि चिन्ह बनवून आणायला वणीला बसने पाठवलं तेही त्यालाच.

समारंभात शाल झाली, नारळ झाला. मुख्याध्यापकांनी तो शब्द तीनदा उच्चारला, तिन्ही वेळा वेगळा. चिन्ह जवळून पाहिलं तेव्हा मला दिसलं की त्यावर शाळेचं नाव आहे, शब्द आहे, पण त्याचं नावच नाही.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, “दुकानदारानं इचारलं होतं सर, नाव कोनाचं टाकू म्हणून. मी म्हटलं, सरायनं लिहून देल्लं तेवढंच टाक.”