गोजरबाईच्या नावापुढची फुली

अंबरनाथच्या बुवापाड्यात, तिसऱ्या गल्लीत, गोजरबाई राहायची. माझी आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हापासून मॅट्रिक होईपर्यंत माझं एक वेळचं जेवण तिच्याकडेच असायचं. मी तिला मावशी म्हणायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या जेवणामुळे पुढचं सगळं जास्त वाईट दिसतं, आणि ते तसं दिसायलाच हवं.

नवऱ्यामागे ती एकटीच होती. उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापायला जायची. पण त्याआधी पाणी. गल्लीला नळ नव्हता. एमआयडीसीच्या मोठ्या लाइनीचा एक व्हॉल्व्ह गळायचा, त्याच्याखाली बायकांची रांग लागायची आणि ती रांग गोजरबाई चालवायची. कुणाचा हंडा कुणाच्या मागे, कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाकडे पाहुणे उतरलेत, सगळं तिच्या डोक्यात. मध्ये घुसणारीला ती नुसती नावानं हाक मारायची, की ती बाई मुकाट्यानं मागे जायची. आपल्या गल्लीत नळ यावा, एवढी एकच गोष्ट तिनं सरकारकडे मागितली. अर्ज मी लिहायचो. सात लिहिले.

पुढे मला एका कंपनीत क्लार्कची नोकरी लागली, लग्न झालं, आणि एक्याण्णव साली मी पाड्यापासून दहा मिनिटांवर समाधान सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. वर स्लॅब, पुढे बाल्कनी. गोजरबाई घर बघायला आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातच विचारलं, "या कोण?" मी म्हणालो, "ओळखीच्या आहेत." मावशी म्हणायला जीभ रेटली नाही. गोजरबाईनं ते ऐकलं. वर आल्यावर ती दाराशीच चपला काढून उभी राहिली आणि म्हणाली, "घर लई चांगलं हाय, सुदामा."

पंच्याण्णव साली नगरपालिकेची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात आमच्या चार बिल्डिंगा आणि पाड्यातल्या गल्ल्या एकत्र आल्या. सिमेंटचा धंदा करणारे दौलतराव उभे राहिले. ते आमच्याच सोसायटीतले. त्यांनी मला बोलावून चहा पाजला, मतदार यादी पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "सुदामराव, तुम्हाला दोन्हीकडची माहिती. आपला असेल त्याच्यापुढे बरोबरची खूण करा, नसेल तिथे फुली. निवडून आलो तर पाण्याची लाइन कुठून न्यायची ते यावरूनच ठरवू."

म्हणजे यादी कशासाठी आहे हे मला नीट माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

या बाबतीत मी स्वतःला मोठा जाणकार समजायचो. माणसाचं मत त्याच्या छपरावरून ओळखता येतं, असं मी कंपनीत डबा खाताना ठासून सांगायचो. स्लॅबवाला एका निशाणीचा, पत्रेवाला दुसरीचा. दोन-चार निवडणुका माझं बरोबर आलं होतं, त्यामुळे लोक मान डोलवायचे आणि मी फुगायचो.

तरी मी गोजरबाईकडे गेलो. म्हटलं, "मावशी, या वेळी दौलतरावांना मत द्या. नळ आणतो म्हणालेत." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मत कुनाला देनार ते बोलायचं नसतं, बाबा. तू सांगितलंस, म्या ऐकलं." बस, एवढंच.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर दोन्ही पार्ट्यांची टेबलं लागली. मतदाराला यादीतला नंबर लिहिलेली चिठ्ठी तिथे मिळते. ज्या टेबलावरून चिठ्ठी घेतली त्याचं मत, असा आमचा सगळ्यांचा हिशेब. मी दौलतरावांच्या टेबलावर यादी घेऊन बसलो. आमच्या बिल्डिंगांमधली निम्मी मंडळी फिरकलीच नाहीत. सुट्टी आहे म्हणून दोन कुटुंबं माझ्यासमोरून जेवणाचे डबे घेऊन बारवी धरणावर गेली. "येऊ संध्याकाळी," म्हणाली. आली नाहीत.

तिसरी गल्ली मात्र भर उन्हात आली. बायका धुतलेली लुगडी नेसून, पाण्याच्या रांगेत उभ्या राहतात तशाच एकामागे एक, सगळ्यांच्या पुढे गोजरबाई. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेली आणि समोरच्या टेबलावर चिठ्ठी मागितली. तिच्या मागे सगळ्या जणी तिथेच गेल्या.

दौलतरावांचा माणूस माझ्याकडे बघून हसला. मला भयंकर राग आला. मी लाल पेन काढलं आणि तिसऱ्या गल्लीतल्या एकूण एक नावापुढे फुली मारली. गोजरबाईच्या नावापुढची तर दोनदा गिरवली. बारवीला गेलेल्यांपुढची बरोबरची खूण तशीच राहू दिली.

मोजणीत सगळ्या पेट्यांमधली मतं एकत्र मिसळली, त्यामुळे कुठल्या गल्लीनं कोणाला मत दिलं हे कळायला मार्ग नव्हता. होती ती फक्त माझी यादी. दौलतराव एक्कावन्न मतांनी निवडून आले. मला त्यांनी सोसायटीचा सेक्रेटरी केलं. सहा महिन्यांत नवी लाइन आली, आमच्या चारही बिल्डिंगांना मिळाली, पाड्याच्या पहिल्या दोन गल्ल्यांत गेली आणि तिसरीच्या तोंडाशी थांबली.

त्यानंतर एका रविवारी गोजरबाई माझ्याकडे आली. मी तिला पाणी दिलं, त्याच नव्या लाइनीचं. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "गोड हाय." मग पेला खाली ठेवून म्हणाली, "सुदामा, तुझी दौलतरावांशी वळख. जरा इचार ना, आमची गल्ली कशी राहिली? तुझ्या शब्दावर आमी साऱ्यांनी त्यास्नीच शिक्का मारला. सत्तावन्न बाया. म्या मोजल्या."

एक्कावन्न आणि सत्तावन्न. म्हणजे दौलतरावांना या गल्लीनंच निवडून आणलं होतं.

"मग चिठ्ठी त्या टेबलावरून का घेतली?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तर काय करनार? तुझ्या टेबलावर आलो असतो तर पाडा बोलला असता, सुदामानं आपल्या बाया इकल्या. तुझ्यावर कुनी बोट दाखवाया नगं, म्हून त्या टेबलावर गेलो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. दौलतरावांकडे जाऊन, माझं चुकलं, ती यादी खोटी आहे, एवढं म्हणायला हवं होतं. पण मग जाणकार सुदामराव कुठे राहिला असता, सेक्रेटरी कुठे राहिला असता? मी म्हणालो, "विचारतो, मावशी." आणि विचारलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी ती रस्त्यात भेटायची, "इचारलंस का?" म्हणायची, आणि मी म्हणायचो, "प्रयत्न चालू आहेत." इतकं सहज खोटं मला बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मला माझी लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून मी पाड्याचा रस्ताच टाळायला लागलो.

चार वर्षं तिनं त्या गळक्या व्हॉल्व्हचं पाणी वाहिलं. कंबर कायमची धरली.

नव्याण्णव साली कुठल्याशा योजनेत राहिलेल्या सगळ्याच गल्ल्यांना सरसकट नळ मिळाले. त्यात दौलतरावांचा हात नव्हता, माझा तर नव्हताच. गोजरबाईनं मला निरोप पाठवला, ये. गेलो. सगळी गल्ली नळाभोवती उभी होती. तिनं आपला घासून लखलखीत केलेला हंडा तोटीखाली ठेवला, माझा हात धरून मला पुढे ओढलं आणि बायकांना म्हणाली, "चार वर्सं खेटे घातले ह्यानं आपल्यापायी. पयला हंडा सुदामाच भरनार."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या. खाली वाकून नळ सोडला आणि हंडा काठोकाठ भरेपर्यंत मान वर केली नाही.