भागीआत्याला कारण नव्हतं

माझी आत्या भागी दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून निघाली, तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता. मारत होता का? नाही. पीत होता? नाही. बाहेर काही भानगड? तीही नाही. तिचा नवरा, म्हणजे सावळारामकाका, वाशिंदला कारखान्यात फिटर आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग कारण काय? आत्या म्हणायची, "मला तिथं राहायचं नाय." हे उत्तर लोकांना पचलं नाही, आणि अजून पचत नाही. बाई मार खाऊन बाहेर पडली तर तिच्या बाजूने चारचौघं बोलतात. बरं चाललेलं असताना उठून गेली की तिचं डोकं फिरलं, असं ठरवून मोकळे होतात. मला त्या लोकांचा फार राग येतो.

मी समीक्षा, तिच्या भावाची मुलगी. वाशिंदला त्याच बिल्डिंगमध्ये राहते, कल्याणला नोकरी करते. त्यामुळे आत्याचं तिथलं जगणं मी रोज बघत होते. सकाळी साताला पाणी सुटणार, म्हणून साडेसहापासून नळाशी उभं राहायचं. गच्चीत पापड वाळवायचे नाहीत, दारात चुलीचं लाकूड ठेवायचं नाही, मोठ्याने हाक मारायची नाही. नवरात्रात नऊ दिवस ठरलेल्या रंगाची साडी नेसायची आणि खाली येऊन फोटो काढायचा. एका वर्षी पाचव्या दिवशी आत्या आपली रोजची चॉकलेटी साडी नेसून उभी राहिली. ग्रुपवर फोटो आला त्यात ती नव्हती. कडेला उभी होती, तेवढी कापून टाकली होती. आत्याने फोटो पाहिला आणि हसली. मला वाटलं, विसरली. पण तिची मुलगी भूमिका लग्न होऊन मुरबाडला गेली आणि पंधरा दिवसांत आत्याने पिशवी भरली.

ती गेली डोळखांबच्या वर, माहेरच्या गावी. आमच्याकडे बाप गेला की मुलींनी हक्कसोडपत्रावर सही करायची रीत आहे. आत्या त्या वेळी "नंतर करते" म्हणाली होती आणि माझ्या वडिलांनी भिडेपोटी पुन्हा विषय काढला नव्हता. त्यामुळे ओहळापलीकडचे भाताचे तीन तुकडे तिच्या वाट्याला होते. तिथे तिने कारवीच्या काठ्यांचा कूड घालून खोप बांधली.

आमच्या घराण्यात हे पहिलं नव्हे. आजोबांचा भाऊ मंगळू मुंबईला गिरणीत लागला होता. एका सकाळी भोंगा झाला आणि हा उठलाच नाही. गावी परत येऊन शेळ्या राखत म्हातारा झाला. सगळे त्याला येडा म्हणायचे, आणि घरात कटकट झाली की त्याच्याच शेजारी दगडावर जाऊन बसायचे. आत्याचंही तसंच झालं. बिल्डिंगमधल्या ज्या बायका तिला नावं ठेवत होत्या, त्याच जिन्यात मला गाठून हळू आवाजात विचारायच्या, काय खाते गं? टीव्ही नाही म्हणजे संध्याकाळी करते काय? माझ्या ऑफिसातल्या ओमकारने तर तिकडे जमीन मिळेल का, अशी चौकशी केली, आणि मग स्वतःच लाजला.

मुंबईहून रुचिता नावाची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळी सिस्टिमच नाकारलीत."

"मी कशाला कुणाला नाकारू? मला साताला नळापाशी उभं राहायचा कंटाळा आला, बाय," आत्या म्हणाली, आणि तिला नाचणीची भाकरी वाढली. त्या मुलीचा जरा हिरमोड झाला. भाकऱ्या मात्र तिने तीन खाल्ल्या.

पहिलं वर्ष गावाने चालवून घेतलं. लावणीला बायका आल्या, आत्या त्यांच्याकडे गेली. आमच्या भागात लावणी अशीच होते, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. एकट्या माणसाची भातशेती होतच नाही. आणि तिथेच गावकीने तिला धरलं. गेल्या मे महिन्यात गावकीचे म्होरके धाऊतात्या यांनी बैठकीत सांगितलं, नवऱ्याकडे परत जावं, चूक झाली म्हणावं, नाहीतर लावणीला तिच्या बांधावर कुणी पाय ठेवायचा नाही. कागदावर काही लिहिलं नाही. असलं कुणी लिहीत नाही, बहिष्काराविरुद्धचा कायदा सगळ्यांना माहीत असतो.

लावणी झाली नाही तर भात नाही, आणि भात नाही तर वर्षभर खायचं काय? म्हणजे मुकाट्याने वाशिंद गाठायचं. तात्यांचं गणित सरळ होतं. वडिलांनी मला समजवायला पाठवलं.

जूनचा दुसरा आठवडा होता, जमीन भिजली होती. गावात सगळे राबावर, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या तुकड्यावर, रोपांसाठी भात पेरत होते. आत्या मात्र शेतात दोरी ताणून बसली होती. दोरीला वीत वीत अंतरावर गाठी. गाठीपाशी काठीने भोक पाडायचं, तीन दाणे टाकायचे, मातीने बुजवायचं. भात काढल्यावर आम्ही वाल टोकतो, अगदी तसं.

"आत्या, भात कुणी टोकतं का?" मी म्हटलं.

"नाय टोकत. कुणाला एकटीनं करायची पाळीच नाय आली. आता बोलायला आलीस का दोरी धरतेस?"

मी समजवायला गेले आणि दोरीचं दुसरं टोक धरून बसले. आठ दिवसांची रजा टाकली. कंबर मोडून गेली, पण इतकी चांगली झोप मला वाशिंदला कधी लागली नव्हती.

आता गंमत बघा. तिच्या बांधावर पाय ठेवायचा नाही, असं ठरल्यामुळे गावातलं कुणी ओहळ ओलांडून आलंच नाही. त्यामुळे ती काय करते आहे, हे कुणी पाहिलं नाही. जुलैत लावण्या सुरू झाल्या आणि तात्या वाट बघत बसले, आज येईल, उद्या येईल. ती काही गेली नाही. शेवटी एका रविवारी त्यांनी वाशिंदहून सावळारामकाकांना बोलावून घेतलं आणि पाच-सात माणसं ओहळ ओलांडून आली. रविवार म्हणून मीही तिथे होते. मागून तात्यांची बायको हौसाकाकी आणि आणखी दोघीजणी आल्या.

तिन्ही तुकड्यांत भात ओळीने उभं होतं. एका कोपऱ्यात खेकड्यांनी खाल्लं होतं, गवतही माजलं होतं. पण भात होतं, गुडघ्याएवढं.

तात्यांनी वाकून ओळींमधलं अंतर बघितलं. मग म्हणाले, "कोण आलं व्हतं लावायला?"

"कुणी नाय. लावलंच नाय, टोकलंय."

"बरं, ऱ्हाऊदे. तू चूक झाली म्हण नि नवऱ्यासंगती जा. आमी पण इसरून जाऊ."

"चूक झाली नाय तर कशी म्हणू, तात्या?"

तात्या काकांकडे वळले. "तू तरी बोल, सावळाराम."

काका बिचारे छत्री मिटून उभे होते. त्यांनी विचारलं, "येतेस?"

"नाय."

"माझ्यावर राग हाय?"

"नाय वो. तुमी कधीपण या. जेवून जावा."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायच्या भानगडीत न पडता त्यांनी तात्यांना सांगितलं, "ती नाय बोलली, तात्या. माझं ऐकून झालं. आता तुमी कुणासाठी थांबलाव?" त्या दिवशी मला ते पहिल्यांदा मोठे वाटले.

तात्या ओहळाकडे वळले. ते माणसांना म्हणाले, चला. सगळे वळले. हौसाकाकी तेवढ्या हलल्या नाहीत. चाळीस वर्षं त्या माणसाच्या मागे चार पावलं चाललेली बाई. त्यांनी भाताकडे बघितलं, खोपीकडे बघितलं, आणि नवऱ्यासमोर, सगळ्या गावकीसमोर, स्पष्ट आवाजात विचारलं, "भागे, आनखी एकीला जागा हाय का गो?"

कुणी हसलं नाही. तात्या ओहळाच्या मध्यावर थांबले होते.

"हाय," आत्या म्हणाली.

हौसाकाकींनी बांधावर चपला काढल्या आणि खाली उतरून गवत उपटायला बसल्या.