सुनंदाची बाही

काल नळावर शेजारच्या सुनंदाने सगळ्यांसमोर ब्लाउजची बाही वर सारली आणि नवऱ्याच्या माराचे वळ दाखवले. ‘मेल्याचे हात झडोत,’ एक म्हातारी म्हणाली. मला सुनंदाचा हेवा वाटला. शिव्या बसल्या त्या फक्त तिच्या नवऱ्याला.

या गल्लीत मुसलमानाचं घर आमचं एकच. मी बाही वर केली तर याच बायका म्हणतील, ‘यांच्यात असंच असतं.’ अम्मीही बजावते, ‘बेटा, बोललीस तर सगळ्या जमातीला बट्टा लागेल.’ सुनंदाचे वळ तिचे एकटीचे आहेत. माझे तेवढेही माझे नाहीत.

दुपारी ती दारात आली. ‘भाभी, चौकीवर चला ना माझ्यासोबत. तुम्ही भिंतीपलीकडून सगळं ऐकलंय.’

गेले. हवालदाराने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या पाण्याचाही मला हेवा वाटला. मग त्याने कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदार म्हणून सही करताना मी माझी बाही मनगटाच्या खाली ओढून घेतली.

सुनंदाने ते पाहिलं. भिंत आमच्या दोघींची एकच आहे.