गप्प राहायची जागा

हल्ली कुणी जॅझचं नवीन रेकॉर्डिंग ऐकवायला लागलं की मला शिसारी येते. वाजवणारे वाईट नसतात हो. त्यांच्या वाजवण्यावर नंतर हात फिरवणारे जे बसलेले असतात, त्यांची किळस. सगळं घासूनपुसून इतकं गुळगुळीत करतात, की आत माणूस होता का नव्हता, देव जाणे. मी लालबागचा सीताराम. अर्धं आयुष्य कास्मीरच्या चौकडीत ड्रम वाजवले, तेव्हा हे कुणाचं ऐकून बोलत नाहीये.

कास्मीर गिरगावातला. ईस्ट इंडियन, म्हणजे पिढीजात मुंबईचा ख्रिस्ती. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, आणि शिव्या तर अस्सल मराठी. बापाचा लग्नाचा बॅण्ड होता, लाल कोट आणि पितळी बटणंवाला. कास्मीर दिवसा त्यात वराती वाजवायचा आणि घरी येऊन जॅझ घोटत बसायचा. पुढे स्वतःची चौकडी काढली. तो ट्रम्पेटवर, भाचा मॅल्कम पियानोवर, अँड्रिया डबल बेसवर आणि मी मागे. लीडर तो, पण कौतुक करताना तोंडाला कुलूप. चुकलो तर आई-बाप निघायचे. बरं वाजलं तर नुसतं नाक वर करायचा, बस्स.

त्याच्या बापाच्या बॅण्डचा एक नियम होता. वरात चाललीय आणि वाटेत कुणाच्या दारात मयत झालेलं दिसलं, की बॅण्ड गप्प. मग नवरदेव रुसो नाहीतर वऱ्हाडी बोंबलोत. सगळ्यांची वाद्यं खाली, एकटा ढोलवाला पावलापुरता हळू ठेका धरणार. ते घर मागे पडलं की पुन्हा सुरू. आमच्या लालबागलाही हेच पाहत आलो मी. कुणी शिकवलं नाही कधी.

कास्मीरची बायको सेसिलिया गेली, त्यानंतर त्याने एक चाल बांधली. तीत मधोमध ट्रम्पेट थांबते, पियानो थांबतो, बेस थांबतो. माझे तारांचे ब्रश तेवढे ड्रमच्या कातड्यावरून हळू फिरत राहतात. ते तिचं दार.

"सीतू, इथे कुणी एक सूर जरी काढला ना, तर मेल्यावर त्याचं तोंडही बघायला येणार नाही," कास्मीर म्हणाला. मी म्हटलं, मी ड्रमवाला, माझ्याकडे कुठला आलाय सूर. तो हसला नाही.

त्यातच त्याचे पुढचे दात हलायला लागले. ट्रम्पेटवाल्याचा सगळा जोर तिथे. ओठ दाबायला मागे भिंत नको? हिरड्यांत पू झालेला, डॉक्टर म्हणाले काढायलाच हवेत. कवळी बसवून पुन्हा फुंकायला शिकायचं ते तरण्या माणसाने. कास्मीर सत्तरीच्या पुढचा. त्याचं एकच म्हणणं होतं, दात जायच्या आत ही चाल रेकॉर्ड झाली पाहिजे. बाकी आयुष्यात वाजवलेलं सगळं गेलं खड्ड्यात.

मॅल्कमच्या ओळखीने दादरला स्टुडिओवाला मिळाला, हितेंद्र. काय सांगू त्याच्याबद्दल. हात मिळवला तर घामट पंजा सोडता सोडत नाही, आणि दर वाक्याला "काय फील आहे अंकल". तूप लावलेली जीभ. मला तो पहिल्या दिवशीच नको झाला होता, पण दातांना कुठे थांबायला वेळ होता.

चौघे एकाच खोलीत उभे राहून वाजवलं, समोरासमोर. कास्मीर रुमालात रक्त थुंकायचा आणि पुन्हा ट्रम्पेट तोंडाला लावायचा. बघवत नव्हतं. पण चाल लागली. दार आलं, सगळे गप्प झाले, मी ब्रश फिरवत राहिलो, आणि अँड्रियाने डोळे मिटून घेतले. संपल्यावर कास्मीरने नाक वर केलं. इतकं मोठं नाक मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात दात काढले.

मग हितेंद्र गायब. फोन केला की "मिक्सिंग चाललंय, सरप्राइज आहे." शेवटी परळला कार्यक्रम ठेवला, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. बाप माझा तिथेच साच्यावर कापड विणायला होता, ते जाऊ दे. हितेंद्र म्हणाला, "लाइव्ह नको अंकल, मी ट्रॅक लावतो. तुम्ही फक्त ट्रम्पेट तोंडाला लावून उभे राहा, व्हिडिओसाठी." कास्मीरला म्हटलं, लाज सोडून सोंग काढायला जाऊ नको.

"मला ऐकायचीय रे," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "मोठ्या स्पीकरवर. एकदाच." मग मीही निघालो त्याच्याबरोबर.

कार्यक्रम कसला, खादाडी. कबाबाच्या काड्या चोखत, एकमेकांच्या कानात ओरडत माणसं उभी. आम्हाला फळ्यांच्या स्टेजवर चढवलं, ट्रॅक लागला. माझे ड्रम डबड्यासारखे वाजत होते, तेही गिळलं. कास्मीर डोळे मिटून ट्रम्पेट धरून उभा होता. ऐकत होता. दार आलं तशी त्याने ट्रम्पेट खाली घेतली आणि मान खाली घातली.

स्पीकरमध्ये ट्रम्पेट वाजतच राहिली. चालीच्या सुरुवातीचा त्याचाच तुकडा कापून तिथे चिकटवला होता, वर अजून चढा करून. लोकांनी नेमक्या तिथेच शिट्या मारल्या. कास्मीर हातातल्या मुक्या ट्रम्पेटकडे बघत राहिला, मग स्टेजवरून उतरला आणि चालू पडला.

मी हितेंद्रला गाठलं. "हे काय केलंस तू?"

"मध्ये गॅप होती ना अंकल, एकदम रिकामी. लोक तिथे गाणं बंद करतात. म्हणून भरली."

"मूळचं कुठाय?"

"ते उडवलं. जागा खातं खूप." हे सगळं चघळत चघळत. बोटं चाटून पुढे म्हणतो, "अंकलच्या तोंडून थोडं वेगळं घ्यायचं असेल तर पुन्हा करू की रेकॉर्ड."

त्याच्या तोंडातले पांढरेशुभ्र दात तेवढे दिसत होते मला. "शिरा पडो तुझ्या तोंडार," मी म्हटलं. माझी मालवणी आई म्हणायची ते, मनापासून. तो हसला आणि म्हणाला, अंकल, हे व्हिडिओत बोला ना, मस्त वाटेल. असल्या माणसाला शिवी देणं म्हणजे शिवी फुकट घालवणं.

खाली फुटपाथवर कास्मीर उभा होता. वर त्यांनी तीच चाल पुन्हा लावली होती, रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

"तू त्याला सांगितलं होतंस ना, ती जागा काय आहे ते?" मी विचारलं.

"त्यात सांगायचं काय?" तो म्हणाला. "मयताच्या दारावर बॅण्ड थांबतो, हे कुणाला सांगावं लागतं?"

मॅल्कमने सांगितलं नव्हतं, अँड्रियाने नाही, मीही नाही. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

टॅक्सी थांबली. कास्मीर आत बसेना. वरची चाल मध्यावर आली तसा त्याने माझा दंड धरला.

"तिच्या दारात वाजवलं रे, सीतू," तो म्हणाला. "आणि माझ्याच तोंडाने."